पाइप चार इंची घ्या, मोटर पाचचीच राहू द्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं धरलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. ओढ्याकाठी २० फूट व्यासाची विहीर. तिथून माळावरच्या चार एकरांपर्यंत ९०० मीटर लाईन. विहिरीतल्या पाण्यापासून माळावरच्या तोंडापर्यंत सगळा मिळून ३० मीटर चढ, त्यातला जमिनीवरचा १८ मीटर. पीक ऊस, पाणी पाटाने. मोटर ५ एचपीची, घरचीच. सहा केजीच्या पीव्हीसी पाइपचे (केजी म्हणजे पाइप किती दाब सोसतो त्याचा आकडा) दुकानदाराचे आकडे: अडीच इंची ८२ हजार, तीन इंची १ लाख १९ हजार, चार इंची १ लाख ७० हजार. हातात सव्वा लाख आणि खुदाईही त्यातूनच. दुकानदार म्हणतो, अडीच इंची टाका, पाणी कमी वाटलं तर पुढे मोटर वाढवा, वीज तर फुकटच आहे.

अडीच इंची टाकू नका. चार इंची की तीन इंची हे तुमची विहीर ठरवेल, ते कसं बघायचं ते खाली सांगतो. मोटर आहे तीच राहू द्या.

सव्वीस वर्षं मी सांगली-सातारा पट्ट्यात उपशाच्या लाईनी टाकतोय. हा प्रश्न दर उन्हाळ्यात दहा-बारा जण तरी विचारतात आणि बहुतेक जण चर खणून झाल्यावर विचारतात. तुम्ही आधी विचारलात, म्हणून बैजवार लिहितो.

पंपाला दोन कामं असतात. पाणी वर चढवायचं, हे एक. पाइपच्या आतल्या घर्षणाशी झगडायचं, हे दुसरं. पहिलं काम ३० मीटरचं, त्यात कुणी काही बदल करू शकत नाही, माळ आहे तिथंच राहणार. दुसरं काम किती असेल ते मात्र तुम्ही दुकानात पाइप निवडता तेव्हा ठरतं. आणि इथंच माणूस फसतो, कारण डोळ्याला अडीच आणि चार इंचांत दीड इंचाचाच फरक दिसतो. पाणी तेवढंच ठेवून पाइपचा आतला व्यास निम्मा केला, तर घर्षण दुप्पट होत नाही, चौपटही नाही, जवळपास २९ पट होतं.

तुमच्या लाईनीचा हिशेब करू. सेकंदाला ६ लिटर पाणी वर हवंय असं धरू. अडीच इंची म्हणजे ७५ एमएमचा पाइप, सहा केजीत त्याचा आतला व्यास साधारण ७० एमएम. ९०० मीटरात त्याचं घर्षण २९ मीटर. म्हणजे माळाएवढाच आणखी एक माळ तुम्ही पैसे देऊन विकत घेतला. तीन इंची, म्हणजे ९० एमएमच्या पाइपात तेच घर्षण १२ मीटर. चार इंची, म्हणजे ११० एमएममध्ये साडेचार मीटर.

आता याला मोटरीत बदलू. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर सेकंदाला ६ लिटरसाठी अडीच इंचीला साडेआठ एचपी लागतात, तीन इंचीला सहा, चार इंचीला पाच. बाजारात साडेआठची मोटर मिळत नाही, दहाची घ्यावी लागेल. आणि दुकानदाराच्या सल्ल्यातला खड्डा नेमका इथं आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून सुरू झाली ती ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना. दहाची मोटर बसवली की तुम्ही त्यातून बाहेर. म्हणजे वीज फुकट म्हणून बारीक पाइप, बारीक पाइप म्हणून मोठी मोटर आणि मोठी मोटर म्हणून वीज विकत.

साडेसातवर भागवू म्हणाल, तर तीन इंची पाइप आणि साडेसातची मोटर हे कागदावर बसतं आणि बिलही येणार नाही. मी त्याच्या बाजूचा नाही. ती योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे, पुढे काय होईल ते पुढचं सरकार ठरवेल, आणि जमिनीत नीट गाडलेला पाइप पंचवीस-तीस वर्षं सहज जातो. शिवाय साडेसात बसवायची तर जादा भार मंजूर करून घ्या, केबल बदला, स्टार्टर बदला. एकाच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) दहा जणांनी असाच विचार केला की संध्याकाळी व्होल्टेज बसतं आणि सगळ्यांच्याच मोटरी घुमायला लागतात. पाइपातलं घर्षण कमी केलं तर त्याचा त्रास शेजाऱ्याला होत नाही.

बरं, मोटर पाचचीच ठेवून अडीच इंची टाकला तर? पाणी येईल, सेकंदाला साडेचार लिटरच्या थोडं आत. तीन इंचीतून सव्वापाच, चार इंचीतून सहा. सेकंदाच्या आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो, पाळीच्या दिवसांत बघा. उसाला एका पाण्याला सहा सेंटिमीटर द्यायचं म्हटलं तर एकराला जवळपास २ लाख ४३ हजार लिटर लागतात, चार एकरांना पावणेदहा लाख. लाईट आठ तास. अडीच इंचीने चार एकर भिजायला पावणेआठ दिवस, तीन इंचीने साडेसहाच्या आत, चार इंचीने साडेपाच. माळाच्या हलक्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यात उसाची पाळी आठ-दहा दिवसांवर येते. अडीच इंचीवाल्याच्या शेवटच्या सरीचं तोंड बंद होईपर्यंत पहिली सरी वाळलेली असते. मध्ये एक दिवस डीओ (डीपीच्या वरच्या लाईनीचा फ्यूज) उडाला किंवा घरचा फ्यूज गेला की पाळी चुकली. चार इंचीवाल्याच्या हातात अडीच दिवस शिल्लक असतात. शिवाय निम्मी पाळी रात्रीची. अंधारात, पायाखाली काय आहे ते दिसत नाही अशा पाटावर, किती रात्री दारं धरायची, हा हिशेब दुकानदाराच्या कागदावर नसतो.

मी हे वडिलांच्या शेतावर भोगलंय. १९९९ साली आम्ही ४०० मीटर लाईन टाकली, दोन इंची. अडीचने अकरा हजार जास्त लागले असते, तेव्हा ते फार वाटले. मी नुकताच या धंद्यात शिरलो होतो आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. सात वर्षं आम्ही बापलेक आळीपाळीने रात्री काढत होतो. २००६ ला त्याच चराशेजारी दुसरा चर खणला आणि तीन इंची टाकली. तेव्हा वर ऊस उभा होता, दोन सऱ्या गेल्या. जुनी लाईन अजून तिथंच गाडलेली आहे, ती उकरून काढण्याएवढीही तिची किंमत नाही. मोटर मात्र त्या काळात दोनदा बदलली, एका दुपारचं काम. म्हणून मी सांगतो, पैसे मोटरीत नंतर कधीही घालता येतात, पाइपात एकदाच.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. पाइप बारीक म्हणून मोटर जळते, असं गावात सगळे म्हणतात. तसं नसतं. सेंट्रिफ्युगल पंपाला हेड, म्हणजे चढ आणि घर्षण मिळून होणारी उंची, वाढलं की पाणी घटतं आणि मोटरीवरचा भार उलट कमी होतो. मोटरी जळतात त्या कमी व्होल्टेजने, एक फेज गेल्यावर चालू राहिल्याने, नाहीतर कोरड्या चालल्याने. बारीक पाइपाचा दोष एवढाच की मोटर जास्त तास चालते, म्हणून या तिन्हींपैकी काहीतरी घडायला जास्त वेळ मिळतो.

याची उलट बाजू महत्त्वाची आहे आणि ती कुणी सांगत नाही. जाड पाइप टाकलात की तुमच्या पंपासमोरचं हेड एकदम उतरेल, साधारण ३५ मीटरवर येईल. तुमचा पंप जास्त हेडसाठी, समजा ५० मीटरसाठी बनवलेला असेल, तर तो भसाभसा पाणी फेकेल, अँपिअर चढतील आणि तेव्हा मात्र मोटर खरंच जळू शकते. म्हणून पाइप आणण्याआधी पंपाची पाटी पुसून वाचा. हेड ३२ ते ३८च्या आसपास असेल तर उत्तम. जास्त असेल तर डिलिव्हरीवर गेट व्हॉल्व्ह बसवून तो थोडा मुरडून ठेवा, अँपिअर पाटीवरच्या आकड्याच्या आत येईपर्यंत. ही तात्पुरती सोय. पुढच्या वेळी मोटर भरायला (वाइंडिंगला) दिलीत की पंपही योग्य हेडचा घ्या.

आता विहीर. कारण जे विहिरीत नाही ते चार इंचीतूनही येणार नाही.

२० फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. सेकंदाला ६ लिटरने आठ तास उपसायचं तर रोज १ लाख ७३ हजार लिटर, म्हणजे विहिरीतलं साडेएकोणीस फूट पाणी चोवीस तासांत परत यायला हवं. ओढ्याचा किंवा कॅनॉलचा पाझर असेल तर येतं. नसेल तर मार्चनंतर विसरा. मोजणं सोपं आहे. दोरीला गाठी मारा, मोटर बंद केल्यावर पाणी कुठं आहे ते बघा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा, मधल्या वेळात मोटर चालू करायची नाही. मार्चअखेर किंवा एप्रिलात मोजा, दिवाळीत मोजून उपयोग नाही, दिवाळीत सगळ्याच विहिरी श्रीमंत असतात.

उन्हाळ्यात दिवसाला दहा-अकरा फुटांपेक्षा जास्त भर नसेल, तर आठ तासांत सेकंदाला साडेतीन लिटरच्या आतच पाणी हाताला लागणार. तेवढ्या पाण्याला तीन इंची पाइपातलं घर्षण साडेचार मीटरच होतं, म्हणजे सहा लिटरला चार इंचीत जेवढं होतं तेवढंच. अशा विहिरीवर चार इंची टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. १ लाख १९ हजारांचा पाइप घ्या, उरलेल्या पैशांत विहिरीचा गाळ काढा. उसाचाही पुन्हा विचार करा, पण तो तुमचा प्रश्न नव्हता.

भर चांगली असेल तर चार इंची. त्याच्याही पुढे जायचं नाही. कुणीतरी पाच इंची सुचवेल. १४० एमएममध्ये तुमचं घर्षण साडेचार मीटरवरून दीड मीटरच्या आत येईल. अडीचवरून तीनवर जाताना १७ मीटर वाचले, तीनवरून चारवर जाताना साडेसात, चारवरून पाचवर तीनच. त्या तीन मीटरांसाठी पाइपाचे पैसे मात्र पहिल्यापेक्षा मोठे जातात. जास्त खर्च करणं म्हणजे शहाणपण, असा काही नियम नाही, एका जागेनंतर तो नुसता हौशीचा भाग होतो.

पैशांचं कसं करायचं. पहिली गोष्ट, सगळी लाईन सहा केजीची कशाला? सहा केजी म्हणजे साधारण ६० मीटर हेड सोसणारा पाइप, चार केजी म्हणजे ४०. अडीच इंचीत दाबच एवढा होता की सहा केजीशिवाय गत्यंतर नव्हतं. चार इंचीत विहिरीच्या तोंडाशी १८ अधिक साडेचार, म्हणजे साडेबावीस मीटर दाब. लाईट गेली की चढलेलं पाणी उलटं फिरून एनआरव्हीवर (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेवर) आदळतं, तो दणका वेगळा. दणका पाण्याच्या वेगावर असतो. अडीच इंचीत वेग सेकंदाला दीड मीटर, चार इंचीत पाऊण मीटरच्या आत, म्हणून दणकाही निम्म्याहून कमी. तेव्हा विहिरीकडचे ३०० मीटर सहा केजीचे टाका आणि वरचे ६०० मीटर चार केजीचे. चार केजीचा पाइप पातळ, म्हणून स्वस्त. माझ्या अंदाजाने यात पंचवीस-तीस हजार सुटावेत, दुकानदाराकडून दोन्ही दर वेगवेगळे लिहून घ्या. तरीही ओढ होत असेल तर शेवटचे ३०० मीटर तीन इंची करा, अडीच मीटर हेड वाढेल, सहा केजीच्या दराने सतरा हजार वाचतील, चार केजीत त्याहून कमी. मी हे शेवटी करीन, पण अडीच इंचीपेक्षा हे केव्हाही बरं.

उरलेल्यासाठी कर्ज काढावं का? बँकेकडे किंवा सोसायटीकडे, सोनं तारण ठेवून, बारा टक्क्यांच्या आत मिळत असेल तर काढा. साठ हजारांवर वर्षाचं व्याज सात हजार दोनशे. आडसाली ऊस जाऊन बिल हातात येईपर्यंत दीड वर्ष धरलं तरी अकरा हजारांच्या आत. माझ्या वडिलांनी १९९९ ला नेमके एवढेच वाचवले होते. पण गावातल्या सावकाराकडून शेकडा तीनने काढणार असाल तर काढू नका. तो वर्षाला छत्तीस टक्के होतो आणि त्या व्याजापुढे पाइपाचा कुठलाच हिशेब टिकत नाही. तसं असेल तर एक हंगाम थांबा, माळावर हरभरा करा, पाइप पुढच्या वर्षी. जमीन खंडाने असेल तर प्रश्नच नाही, दुसऱ्याच्या रानात गाडलेला पाइप आपला राहत नाही.

सौरपंपाचं मनात असेल तर चार इंचीचं पारडं आणखी जड होतं. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत अडीच एकरांच्या वर ते पाच एकरांपर्यंत ५ एचपीचाच पंप मिळतो, स्वतःचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. चार एकरांना पाचच्या वर मागता येणार नाही. आणि पॅनल सकाळी-संध्याकाळी पूर्ण जोर देत नाही. त्या वेळी पाइप जितका मोकळा तितकं पाणी आधी सुरू होतं आणि उशिरा थांबतं.

स्टार लेबलचा (कमी वीज खाणारा) महागडा पंप घ्यावा का, असंही लोक विचारतात. सध्या बिल तुम्ही भरत नाही, तर त्याची बचत तुमच्या खिशात येत नाही. आत्ता नको. फेज गेल्यावर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर आणि कोरडी चालू न देणारं संरक्षण मात्र घ्या, एकदा मोटर भरायला जेवढे जातात त्याहून ते स्वस्त पडतं.

पाइपावर आयएसआय खूण आणि आयएस ४९८५ हा आकडा छापलेला बघून घ्या. पाइप जड आहे म्हणून चांगला, असं समजू नका. खडूची पावडर जास्त घातली तरी वजन वाढतं. कापलेला तुकडा टाचेखाली दाबा, चांगला पाइप चेपतो, भेसळीचा कडकन तडकतो. आणलेला पाइप उन्हात पसरून ठेवू नका, फार दिवस उन्हात पडला की ठिसूळ होत जातो.

चर तीन फूट खोल, नांगर आणि सबसॉयलर पोचणार नाही इतका. काळ्या रानातून लाईन जाते तिथं पाइपाखाली-वर मुरूम किंवा बारीक माती घाला, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, सांधे ओढले जातात. एल्बो टाळा, लांब बेंड वापरा, आणि प्रत्येक बेंडच्या पाठीला काँक्रीटचा ठोकळा. लाईनीत जिथं उंचवटा आहे तिथं एअर व्हॉल्व्ह हवाच. चार इंची टाकूनही पाणी येत नाही म्हणून मला दोनदा बोलावलं गेलं, दोन्ही वेळा उंचवट्यावर हवा अडकलेली होती. एवढ्याशा वस्तूवर कुणी बचत केलेली.

पाणी सुरू झाल्यावर माळावर २०० लिटरचा बॅरल तोंडाखाली धरा. ३३-३४ सेकंदांत भरला तर सेकंदाला सहा लिटर मिळतंय. चाळीसच्या वर लागले तर फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप), हवा किंवा पंपाचं हेड, यातलं काहीतरी चुकलंय, मला कळवा.

आणि चर बुजवण्याआधी एक रात्र लाईन भरून ठेवा. सकाळी सांध्यासांध्यावर हात फिरवा, मोबाईलवर फोटो काढा, बांधापासूनचं अंतर वहीत लिहा. जेसीबीवाला बुजवायला लागला की बांधावरून हलू नका, पाइपावर पहिला दगड नेमका तुम्ही जेवायला गेल्यावर पडतो.